आर्गॉनमधली दुसरी टेकडी

भस्म हेच ज्याचे भूषण आणि दिशा हेच ज्याचे वस्त्र, त्या कृष्णातीरीच्या सदाशिवास वंदन करून लेखणी हाती घेतो. आमच्या सांगलीच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञानाची नवी प्रयोगशाळा उभी राहिली आहे. त्या निमित्ताने निघणाऱ्या अंकासाठी जुन्या अध्यापकांपैकी कोणाविषयी तरी लिहावे, असा विद्यार्थ्यांनी आग्रह धरला. मी जन्मभर संस्कृत शिकवले. यंत्रांच्या दालनाशी माझा संबंध काय, असे कोणीही विचारील. संबंध एकाच माणसामुळे आला. ते म्हणजे प्राध्यापक हणमंतराव शिंगटे.

महायुद्ध चालू असतानाच्या त्या वर्षांत ते आमच्याकडे पदार्थविज्ञान शिकवीत. मूळचे साताऱ्याकडचे, वडील पलटणीतून निवृत्त झालेले सुभेदार, घरी उसाची थोडी शेती. उंच, सडसडीत, बंद गळ्याचा कोट, डोक्याला फेटा आणि चालणे असे की सोबत करणाऱ्याने धावावे. वर्गात ते अत्यंत शुद्ध, ग्रंथातले मराठी बोलत. परंतु एखादी गोष्ट मनाला भिडली की ते मराठी क्षणात गळून पडे आणि आतून सातारा बाहेर येई. "सदर प्रयोगामध्ये असे दृष्टोत्पत्तीस येते" अशी सुरुवात झालेले वाक्य "आन् मग त्ये असं पळतंय म्हणता" असे संपे. मुले त्या क्षणाची वाटच पाहत असत.

माझ्या घरी नित्य अग्निहोत्र होते. हणमंतराव शिवभक्त. अग्निहोत्राचे भस्म लावल्याखेरीज दिवस सुरू करायचा नाही, असा त्यांचा नेम होता. सकाळी ते आमच्या ओसरीवर येत, वाटीतले भस्म तीन बोटांनी घेऊन कपाळावर त्रिपुंड्र ओढीत, मग उंबऱ्याशी बसून आदल्या दिवशीचा प्रयोग सांगू लागत. चहा निवून जाई. आमच्या घरातून एकदा विचारणा झाली, "हे भस्म न्यायला येतात की प्रयोग सांगायला?" हणमंतराव आत ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "वहिनी, भस्माला येतो. प्रयोग निस्ता तोंडी लावायला."

त्यांचा विषय मला त्यांनीच समजावला आणि तो मी माझ्या कुवतीनुसार सांगतो. काही वायू असे आहेत की ते कोणाशीही संयोग पावत नाहीत. कोणाकडून काही घेत नाहीत, कोणाला काही देत नाहीत. आर्गॉन हा त्यांतला एक. उलट, एखाद्या अणूने आपला एक इलेक्ट्रॉन गमावला की त्याच्यावर विद्युत्‌भार येतो. त्याला आयन म्हणतात आणि विजेचा दाब लावला की तो ओढला जाऊन चालू लागतो. हणमंतरावांचा प्रश्न एवढाच होता: असा एक भारलेला आयन ह्या विरक्त वायूच्या गर्दीतून कसा जातो, किती वेगाने जातो, आणि जाताना दोघांमध्ये काही घडते की नाही.

मी म्हणालो, "विरक्ताशी काय घडणार?"

"तितंच तर गंमत हाय, शास्त्रीबुवा," ते पुढे सरसावून म्हणाले. "संन्याशाच्या दारावरनं भुकेलं पोर गेलं, तर तो झोळी देणार न्हाई. पण मान वळवंल का न्हाई? आर्गॉन तसाच. आयन जवळनं गेला की त्याच्या पोटातला भार जरासा एका अंगाला सरकतो. तेवढ्यानं दोघांत ओढ लागते. विरक्त झाला म्हणून काय दगड झाला व्हय?"

असे ऐकल्यावर माझाही चहा निवू लागला.

आर्गॉन मिळवणे त्या दिवसांत सोपे नव्हते. एका दिव्यांच्या कारखान्यातून त्यांनी काचेच्या मोठ्या चंबूत तो मोठ्या खटपटीने मिळवला. मी पुण्याहून एका शास्त्रसभेतून परतत होतो आणि योगायोगाने त्याच गाडीत ते भेटले. मांडीवर वाकळेत गुंडाळलेला चंबू. चळवळीचे दिवस होते, स्थानकांवर झडत्या चालत. मिरजेला सांगलीची गाडी धरण्यासाठी उतरलो, तोच एका हवालदाराने वाट अडवली.

"काय हाय त्यात?"

"वायू आहे," हणमंतराव म्हणाले.

"कसला? पेटतो का?"

"पेटत नाही, पेटवतही नाही. वास नाही, रंग नाही. कुणात मिसळत नाही."

"मंग करतो काय?"

"काईच न्हाई. म्हणून तर आणलाय."

हवालदाराने माझ्याकडे मोहरा वळवला. "बुवा, ह्ये तुमच्यासंगं हायती? डोकं ठिकाणावर हाय न्हवं यांचं?"

मी म्हटले, हे महाविद्यालयात प्राध्यापक आहेत.

"त्येच म्हणतोय मी," हवालदार म्हणाला.

दुसरा कोणी असता तर त्याने कागद दाखवून सुटका करून घेतली असती. हणमंतरावांनी हवालदाराला बाकावर बसवले, चंबू त्याच्या मांडीवर दिला, आणि जत्रेच्या गर्दीतून एकटा गडी धक्के खात कसा पुढे सरकतो, तसा आयन कसा जातो, हे सांगायला आरंभ केला. सांगलीची गाडी आमच्या डोळ्यांदेखत सुटली. हवालदार चंबू सांभाळत विचारत होता, "आन् गर्दी दाट असली तर त्यो हळू जाणार न्हवं?" हणमंतरावांचा चेहरा असा उजळला की जणू पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेला विद्यार्थीच लाभला. शेवटी हवालदारानेच आमच्यासाठी टांगा ठरवला आणि टांगेवाल्याला दम भरला, "खड्ड्यातनं नेऊ नगंस रं. आत गर्दी हाय."

उपकरण त्यांनी स्वतः उभे केले. हातभर लांबीची काचेची नळी, तिच्यात आर्गॉन. एका टोकाला प्लॅटिनमच्या तारेचे छोटे वेटोळे, त्यावर लिथियम ह्या धातूच्या क्षाराचा लेप. तार तापली की लेपातून लिथियमचे आयन सुटत. वाटेत तारेच्या जाळीची दोन दारे होती. एका जुन्या ग्रामोफोनच्या फिरत्या तबकडीवरून दोन्ही दारे एकाच वेळी उघडत आणि मिटत. पहिल्या दारातून निघालेला आयन दुसऱ्याशी नेमका ते पुन्हा उघडताना पोचला, तरच पलीकडच्या मापकाची सुई चढे. तबकडीचा वेग बदलत जायचे आणि सुई कधी चढते ते आलेखावर मांडायचे. सुई चढली की कागदावर एक टेकडी उमटे. टेकडी कुठे उमटली यावरून आयनाला लागलेला वेळ कळे.

सुभेदार एकदा लेकाला भेटायला आले, तेव्हा त्यांनाही हे दालन दाखवण्यात आले. पांढऱ्या मिशा, छातीवर पदकांची पट्टी. त्यांनी हात मागे बांधून सगळे पाहिले.

"म्हंजी दोन गेटं, पहाऱ्याला दोन संत्री," ते म्हणाले. "आन् जवान एकाच चालीनं आला तरच पास."

"बराबर, आबा."

"आन् ह्येचा उपेग?"

"त्यो अजून ठावं न्हाई."

"ठावं न्हाई तर ठावं न्हाई म्हण. आमच्या कॅप्टनाला त्येवढं कवा जमलं न्हाई," सुभेदार म्हणाले, आणि आणखी तासभर स्टुलावर बसून त्यांनी ग्रामोफोनला चावी दिली.

त्या दालनात शुचितेचे नियम कडक होते. दाराशी घंगाळ आणि साबण. तंबाखू मळलेल्या, चिवडा खाल्लेल्या, खडू धरलेल्या हाताने कोणी आत पाऊल टाकायचे नाही. खुद्द प्राचार्यांनाही एकदा त्यांनी घंगाळाकडे पाठवले होते. तारेचे वेटोळे मात्र ते इतर कोणाला वळू देत नसत. "बोटाला कळतं ते चिमट्याला कळत नाही," असे म्हणून ते स्वतः बोटांनी वळवीत, लेपही बोटानेच सारखा करीत. आणि हे काम नेहमी सकाळी, माझ्या ओसरीवरून थेट तिकडे जाऊन.

मग एके दिवशी ते भस्म न लावताच, पळत आमच्याकडे आले.

"शास्त्रीबुवा, दोन हायती."

"काय दोन?"

"टेकड्या. एक लिथियमची, जिथं पायजे तिथं. आन् तिच्यामागं दुसरी. कुणीतरी सावकाश येतंय. लय सावकाश."

त्यांनी ओसरीवरच कोळशाने आलेख काढला. त्यांचे अनुमान असे होते. लिथियमचा आयन अतिशय लहान. त्यामुळे आर्गॉनचा अणू त्याच्या फार जवळ येऊ शकतो आणि ओढही तितकीच बळकट होते. इतकी की एखादा आर्गॉन त्याला चिकटूनच चालू लागतो. जोडीने चालणारा एकट्यापेक्षा जड आणि म्हणून मंद. जो वायू कोणाचा हात धरत नाही असे ग्रंथांत शिकवले जाते, त्याने आयनाचा हात धरला होता. हे सांगताना त्यांचे डोळे पाणावले होते आणि मलाही, काय लपवू, अंगावर काटा आला.

वार्ता पसरली. दक्षिणेतल्या एका थोर संशोधनसंस्थेने प्राचार्यांस कळवले की हा शोध सिद्ध झाल्यास हणमंतरावांना तिथे जागा देता येईल. ते त्यांच्या आयुष्यातले एकच मोठे स्वप्न होते. ग्रामोफोनऐवजी खरी यंत्रे, चंबूऐवजी हवा तेवढा वायू. प्राचार्यांनी साताऱ्यात त्यांचे जाहीर व्याख्यान ठरवले. त्या संस्थेतले एक वृद्ध शास्त्रज्ञ त्या सुमारास महाबळेश्वरास येणार होते. ते व्याख्यानास बसणार आणि जागेचे तिथेच ठरणार.

व्याख्यान तोंडावर आले असता हणमंतरावांनी स्वतःच स्वतःवर शंका काढली. त्यांनी मला ती फार साध्या रीतीने सांगितली. जोडी जमायची तर गर्दी हवी. नळीतला आर्गॉन अर्धा काढून टाकला तर जोड्या कमी जमल्या पाहिजेत. पहिल्या टेकडीच्या मानाने दुसरी बसली पाहिजे. त्यांनी पंपाने वायू काढला. दुसरी टेकडी तेवढीच राहिली. आणखी काढला. ती बसेना.

दुसऱ्या सकाळी ते ओसरीवर आले ते थकलेले नव्हते, उलट कमालीचे उत्तेजित होते. "कुणीतरी तिसराच हाय," ते म्हणाले. "आर्गॉनशी त्याचा संबंध न्हाई. त्यो तारेवरनंच निघतोय, लिथियमसारखाच, पण जड. पण तारेवर आला कुठनं? लिथियमचा क्षार शुद्ध, पाणी शुद्ध, हात..."

बोलता बोलता त्यांनी सवयीने वाटीत तीन बोटे घातली होती. ती तिथेच थांबली. त्यांनी बोटे वर केली आणि उजेडात धरून पाहिली.

"शास्त्रीबुवा," ते हळू आवाजात म्हणाले, "गोवरीच्या राखेत काय असतं?"

मी म्हणालो, "क्षार असतो. म्हणून तर बायका राखेने भांडी घासतात."

"क्षार म्हंजी पोटॅशियम." ते उठून उभे राहिले. "आन् पोटॅशियम म्हणजे लिथियमपेक्षा थोर आणि जड, आन् तापवलं की इलेक्ट्रॉन टाकायला टपलेलं. एवढीशी चिमूट पुरे. मी सगळ्या कॉलेजाचे हात धुतले. हे बोट कवा धुतलं न्हाई."

कसे धुतील? खडूचे बोट अशुद्ध, तंबाखूचे अशुद्ध. भस्माचे बोट अशुद्ध असे आमच्यापैकी कोणाच्या मनात आले असते? उलट भस्म लावलेल्या हाताने कामाला आरंभ करणे हे मंगल, अशीच त्यांची समजूत होती, आणि माझीही. ते गेल्यावर मी बराच वेळ त्या वाटीपुढे बसून होतो. ज्या अग्नीची मी निष्ठेने सेवा केली, त्याचेच भस्म ह्या सत्पुरुषाच्या वाटेत आडवे आले, हे मला पेलवेना.

दुपारी त्यांनी मला प्रयोगशाळेत बोलावून घेतले. नवी तार, बोट न लावता ऊर्ध्वपातित पाण्याने धुतलेल्या चिमट्याने वळलेली. ग्रामोफोन फिरू लागला. सुई चढली, उतरली, आणि मग सपाट राहिली. एकच टेकडी. मग त्यांनी माझ्याकडून आणलेल्या भस्माचा कण त्याच तारेला लावला, नळी पुन्हा बंद केली, वायू भरला. ह्या वेळी दुसरी टेकडी अशी उभी राहिली की पहिलीच्या वर गेली.

मी म्हणालो, "हणमंतराव, मला क्षमा..."

"कसली?" ते हसले. त्यांना खरोखर आनंद झाला होता. तो आनंद मी आजही समोर पाहतो. "आवं, काल ती टेकडी मला नाचवत होती. आज मी तिला बोलावली आन् ती आली. ह्यापरतं सुख काय?"

"भस्म सोडणार का?"

"भस्म का सोडू? कपाळाला भस्म, तारेला चिमटा. तुम्हीच सांगा, शास्त्रात काय म्हणतात."

मी विचार करून म्हणालो, शुद्धी ही नेहमी कशासाठी यावर ठरते. देवाला चालणारे गोमूत्र औषधी घोटायच्या खलात चालत नाही. त्यांनी मान हलवली आणि ते वाक्य लगेच विद्यार्थ्यांना सांगायला धावले.

प्राचार्य मात्र कष्टी झाले. त्यांनी हणमंतरावांना बोलावून घेतले. मी शेजारी होतो. "तुम्ही एवढंच करा," ते म्हणाले, "साताऱ्यात दोन टेकड्या दाखवा. अनुमान आहे असं सांगा. जागा पदरात पडली की मग सवडीने दुरुस्ती छापा. सगळेच असं करतात."

"साहेब, आता ते अनुमान राहिलेलं नाही," हणमंतराव नम्रपणे म्हणाले. "मला ठाऊक आहे ते काय आहे."

"आणि जागा?"

ते आपल्या तीन बोटांकडे पाहत राहिले. त्या एकाच क्षणी मी त्यांना खिन्न पाहिले.

साताऱ्यातले सभागृह भरले होते. वकील, शिक्षक, पेन्शनर, आणि पुढच्या रांगेत महाबळेश्वरहून आलेले ते वृद्ध शास्त्रज्ञ. त्यांच्या शेजारी ताठ बसलेले सुभेदार. हणमंतरावांच्या कपाळावर त्रिपुंड्र होते. त्यांनी प्रथम दोन टेकड्या फळ्यावर काढल्या. सभा टाळ्या वाजवू लागली. त्यांनी हात वर करून ती थांबवली, आणि दुसरी टेकडी पुसली.

"ही मी नळीत घातली होती," ते म्हणाले. "ह्या बोटाने."

मग त्यांनी सगळे सांगितले. आर्गॉन अर्धा काढला तेव्हा टेकडी का बसली नाही, राखेत काय असते, तिला पुन्हा कसे बोलावले. ग्रंथातले मराठी केव्हाच गळून पडले होते. लोक चोरी पकडल्याची गोष्ट ऐकावी तसे पुढे वाकून ऐकत होते. एक तरुण वकील मागून म्हणाला, "म्हणजे सर, देवाच्या राखेनं विज्ञान बिघडवलं म्हणायचं."

"राखेनं न्हाई, वकीलसाहेब," ते म्हणाले. "राख बिचारी पहिल्या दिवसापास्नं सांगत व्हती, मी पोटॅशियम हाय, मी पोटॅशियम हाय. मीच तिला आर्गॉनची बायको म्हणून मिरवली."

सभागृह हसून हसून लोटपोट झाले. त्यानंतर त्यांनी उरलेल्या एकाच टेकडीवरून लिथियमचा आर्गॉनमधला वेग काढून दाखवला आणि महायुद्धापूर्वी परदेशी प्रयोगशाळेत निघालेला आकडा शेजारी लिहिला. दोन्ही जवळजवळ जुळत होते. "ग्रामोफोनवर," ते म्हणाले, आणि लहान मुलासारखे सभेकडे पाहत राहिले.

वृद्ध शास्त्रज्ञांनी उठून त्यांचा हात हातात घेतला. प्रामाणिकपणाची फार स्तुती केली. मग सौम्यपणे सांगितले की जागा नव्या शोधासाठी होती, आणि जुना आकडा पुन्हा बरोबर काढणे हा नवा शोध नव्हे. त्यात त्यांचे काही चुकले नव्हते. हणमंतरावांनी वाकून नमस्कार केला.

मला वर्गासाठी सांगलीस परतायचे होते; हणमंतराव काही दिवस गावी राहणार होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पितापुत्र मला सातारारोड स्टेशनवर पोचवायला आले. गाडीला अवकाश होता. सुभेदार म्हणाले, "जागा गेली म्हण की."

"गेली, आबा."

"आन् त्यो लिथियम?"

"त्यो एकलाच येतोय. सरळ."

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. "आमच्यात स्काऊट टेकडीमागं दुश्मन बघून यायचा. एकदा एकजण परत आला आन् म्हणाला, साब, मी दुश्मन म्हणून सांगितलेलं ते म्हशी व्हत्या. सगळी पलटण हसली. पर पुढल्या बारीला कॅप्टनानं त्येलाच धाडला." ते चहाच्या टपरीकडे वळले. "चल, चहा पाजतो तुला."

गाडी हलली तेव्हा मी खिडकीतून पाहिले. दोघे चहाच्या टपरीशी उभे होते. हणमंतरावांच्या हातातला कप तसाच होता; ते दुसरा हात हवेत नाचवीत बोलत होते, आणि गाडीच्या आवाजातून मला तुटक ऐकू आले, "आता निऑनमधी घालून बघतो, आबा. निऑन हलकं असतं, त्यात..." सुभेदार मान खाली घालून, एका हाताने कान पुढे करून, लक्ष देऊन ऐकत होते.

ते गावाहून परतण्याआधीच मी रजा घेऊन अध्ययनासाठी काशीस गेलो. परतलो तेव्हा ते वऱ्हाडातल्या एका महाविद्यालयात गेले होते, आणि तिथेच अल्पवयात निवर्तले. ते दर्शन अखेरचे ठरले.

हे वाचणाऱ्या सज्जनांनो, ज्याच्या कृपेने चूक दिसते आणि दिसल्यावर आनंदही होतो, तो उमाकांत तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना दीर्घायुष्य देवो, मुलाबाळांना जाणण्याची भूक देवो, आणि तुमच्या चुलीवर अन्न व ओठांवर सत्य अखंड नांदो.